सृष्टी आणि ईश्वरमहिमा, ख्रिस्ती

सृष्टी आणि ईश्वरमहिमा, ख्रिस्ती : आकाश, समुद्र, ऋतुचक्र, पर्जन्य, वारा, वादळ इ. निसर्गव्यापारांत निर्मात्याचे सामर्थ्य, सुज्ञता व औदार्य यांचा प्रत्यय घेण्याची ख्रिस्ती धर्मपरंपरेतील दृष्टी. सृष्टी ही ईश्वर नव्हे, तर ईश्वराची कृती होय आणि कृतीवरून कर्त्याची जशी ओळख पटते तशी सृष्टीवरून निर्मात्याची काही ओळख पटते, हे या दृष्टीचे मूलसूत्र. या सूत्राला एक अवघड प्रश्न आरंभापासून चिकटलेला आहे. पेरणीच्या वेळी येणारा पाऊस ईश्वराचा महिमा सांगत असेल, तर कापणीनंतर भाताचे भारे भिजविणारा पाऊस व होड्या बुडविणारे वादळ काय सांगते, हा तो प्रश्न होय. समुद्र आणि शेत यांवर जगणाऱ्या समाजांच्या दृष्टीने तो केवळ तात्त्विक नाही. प्रस्तुत नोंदीत या दृष्टीचा बायबलमधील आधार, तिच्यावरील तत्त्वचिंतन, मराठी ख्रिस्ती साहित्यातील तिचा आविष्कार आणि कोकण किनाऱ्यावरील, विशेषतः मुंबई उपनगरातील गोराई परिसरातील, लोकजीवनात तिला आलेले रूप यांचा परामर्श घेतला आहे.

बायबलमधील आधार : बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या ग्रंथात विश्वनिर्मितीचे वर्णन सहा दिवसांच्या क्रमाने आले आहे. आपण निर्माण केलेले चांगले आहे असे ईश्वराने पाहिले, हा उल्लेख त्यात वारंवार येतो. बॅबिलोनिया व ईजिप्त येथे सूर्य-चंद्रांची देवता म्हणून पूजा होत असे. या वर्णनात मात्र ते दिवस-रात्र व ऋतू दाखविणारे केवळ दीप ठरतात. निसर्गाचे दैवतपण नाकारणे आणि त्याच वेळी त्याचे मोल वाढविणे, ही दोन्ही कार्ये येथे एकदम होतात. त्याच ग्रंथातील नोहाच्या कथेत जलप्रलय ओसरल्यावर पेरणी व कापणी, थंडी व उष्णता, दिवस व रात्र यांचा क्रम खंडित होणार नाही, असे आश्वासन मिळते आणि मेघांतील इंद्रधनुष्य त्याची खूण ठरते.

स्तोत्रसंहितेत सृष्टिवर्णनाची अनेक स्तोत्रे आहेत. एकोणिसाव्या स्तोत्रात आकाशमंडळ शब्दांवाचून साक्ष देते. एकोणतिसावे स्तोत्र हे मेघगर्जनेचे स्तोत्र असून त्यात परमेश्वराच्या वाणीचा उल्लेख सात वेळा होतो. भूमध्य समुद्रावर उठलेले वादळ लेबाननच्या अरण्यांवरून वाळवंटाकडे जाताना जणू दिसत राहते. एकशे चौथ्या स्तोत्रात झरे, पाखरे, गुरांचा चारा, माणसाची भाकर, तारवे आणि समुद्रात खेळणारा लिव्याथान हे सारे एका अन्नदात्याकडे पाहणारे म्हणून वर्णिले आहेत. ईजिप्तमधील आतेन या सूर्यदेवतेच्या स्तोत्राशी त्याचे असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. एकशे सातव्या स्तोत्रात तुफानात सापडून धीर सुटलेल्या नाविकांचे चित्रण येते.

निसर्गाकडे पाहण्याची सर्वांत खोल चिकित्सा ईयोब या ग्रंथात आहे. निरपराध ईयोबावर संकटे कोसळतात. त्याची मुले प्रचंड वाऱ्याने कोसळलेल्या घराखाली मरतात. हे पापाचेच फळ असले पाहिजे, असे त्याचे मित्र सांगतात. अखेरीस ईश्वर वावटळीतून बोलतो, परंतु आपत्तीचे कारण सांगत नाही. हिमाची भांडारे, मेघांच्या वाटा, पहाटेचा उदय, मनुष्यवस्ती नसलेल्या ओसाड रानावर पडणारा पाऊस यांविषयी तो ईयोबाला प्रश्न विचारतो. सृष्टी मानवाच्या हिशेबासाठी चाललेली नाही, हे त्यातून सूचित होते. मित्रांचे बोलणे योग्य नव्हते, असा निर्वाळाही ग्रंथाच्या अखेरीस मिळतो. पहिले राजे या ग्रंथात एलीया संदेष्ट्याला पर्वत फोडणाऱ्या वाऱ्यात, भूकंपात वा अग्नीत ईश्वर सापडत नाही. त्यानंतरच्या मंद, शांत वाणीत सापडतो. निसर्गाचे रौद्र रूप म्हणजेच ईश्वराची उपस्थिती असे समीकरण बायबलमध्येच अशा प्रकारे नाकारलेले दिसते.

नव्या करारात येशू ख्रिस्ताच्या उपदेशातील दृष्टान्त शेत, द्राक्षमळा, मासेमारी व पाखरे यांतून घेतलेले आहेत. संध्याकाळी आकाश तांबडे झाले की उघाड होईल, असे लोकांचे हवामानविषयक ठोकताळे त्याला ठाऊक होते. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात सूर्य आणि पाऊस हे सज्जन-दुर्जन असा भेद न करता सर्वांना मिळतात, असे सांगून शत्रूवरही प्रेम करावे असा निष्कर्ष त्यावरून काढला आहे. लूककृत शुभवर्तमानात शिलोह येथील बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते, ही समजूत येशू स्पष्टपणे खोडून काढतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात निर्मात्याचे अदृश्य सामर्थ्य निर्मित वस्तूंवरून बुद्धीला कळते, असे प्रतिपादन केले आहे. लुस्त्र येथील भाषणात तर त्याने पाऊस व फलदायी ऋतू यांनाच ईश्वराचे साक्षी मानले आहे.

तत्त्वचिंतन : सृष्टीवरून होणारे ईश्वरज्ञान किती दूरवर नेते, याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत मतभेद आहेत. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने पृथ्वी, समुद्र व वारे यांना विचारपूस केल्याचे आणि त्या सर्वांनी आपण ईश्वर नसून त्याने आपल्याला घडविले आहे असे उत्तर दिल्याचे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. असीसीचा संत फ्रान्सिस (सु. ११८२–१२२६) याने व्याधिग्रस्त व जवळजवळ दृष्टिहीन अवस्थेत रचलेल्या सूर्यस्तोत्रात सूर्य, चंद्र, वारा, पाणी व अग्नी यांना भावंडे मानले. निरभ्र आकाशाबरोबर ढगाळ हवेचाही समावेश त्याने स्तुतीत केला, ही गोष्ट लक्षणीय आहे. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने विश्वाला ईश्वरी वैभवाची रंगभूमी म्हटले. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (१८६९–७०) ईश्वराचे अस्तित्व निर्मित वस्तूंवरून बुद्धीच्या साहाय्याने निश्चितपणे जाणता येते, असे घोषित केले. उलट कार्ल बार्ट (१८८६–१९६८) या प्रॉटेस्टंट ईश्वरशास्त्रज्ञाने, नाझी राजवटीत वंश व भूमी यांनाच ईश्वरी प्रकटीकरण मानण्याची प्रवृत्ती बळावत असताना, १९३४ मध्ये निसर्गाधिष्ठित ईश्वरशास्त्राला ठाम नकार दिला. निसर्गात माणसाला हवे ते वाचता येते, हा त्याचा आक्षेप आजही दुर्लक्षिता येत नाही.

भौतिक कारण कळले की ईश्वराला स्थान उरत नाही, या आक्षेपाचे उत्तर संत टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याच्या कारणमीमांसेत मिळते. त्याच्या मते ईश्वर हे प्रथम कारण असून सृष्टीतील पदार्थ आपापल्या स्वभावानुसार कार्य करणारी द्वितीयक कारणे होत. दोहोंत स्पर्धा नाही. एडमंड हॅली याने १६८६ मध्ये व्यापारी वारे व मॉन्सून वारे यांची मीमांसा सूर्याच्या उष्णतेच्या आधारे केली, तेव्हा या विचारानुसार मॉन्सूनमधील आश्चर्य कमी झाले नाही; ते कोठे शोधावे एवढेच अधिक स्पष्ट झाले. अनेक ख्रिस्ती धर्मगुरूंनी हवामानाचा अभ्यास ही लोकसेवा मानली. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधील जेझुइट यूजीन लाफाँ (१८३७–१९०८) यांनी १८६७ च्या चक्रीवादळाची पूर्वसूचना आपल्या निरीक्षणांवरून दिली. हाव्हॅना येथे बेनीतो व्हिन्येस यांनी १८७५ मध्ये व मानिला येथे फेदेरीको फाउरा यांनी १८७९ मध्ये असेच इशारे दिले. वादळ शांत व्हावे म्हणून प्रार्थना करणे आणि ते केव्हा येईल याचे गणित मांडणे, या गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

आपत्तींचा प्रश्न मात्र गणिताने सुटत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना लिस्बन येथे भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राची लाट व आग यांनी शहराचा विध्वंस केला. उपासनेस आलेले लोक चर्चमध्येच गाडले गेले. व्हॉल्तेअरने आपल्या लेखनातून, हे जग शक्य त्या सर्व जगांत उत्तम आहे या आशावादाची कठोर चिकित्सा केली. चार्ल्स डार्विनच्या सिद्धांताने (१८५९) निसर्गातील रचनाकौशल्यावरून ईश्वर सिद्ध करण्याची, विल्यम पेलीने १८०२ मध्ये लोकप्रिय केलेली, पद्धतही दुर्बळ केली. त्यानंतरच्या ख्रिस्ती विचारात सृष्टीला पुरावा म्हणण्यापेक्षा खूण वा साक्ष म्हणण्याकडे कल वाढलेला दिसतो. पुरावा सर्वांना मानावाच लागतो. खूण ओळखावी लागते आणि तिच्यापुढेही चालावे लागते.

मराठी ख्रिस्ती साहित्य : ही दृष्टी मराठीत प्रथम विस्ताराने आणण्याचे श्रेय फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटास जाते. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. वडिलांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी गिनीच्या किनाऱ्याजवळील निर्वात समुद्र, प्रतिकूल वारे, केप ऑफ गुड होपजवळचा प्रवास, वाटेत दिसलेले मासे आणि पक्षी यांचे बारकाईने वर्णन केले आहे. गोव्यातील साष्टीत (मुंबईलगतच्या साष्टीहून हा प्रदेश वेगळा होय) त्यांनी अनेक वर्षे धर्मकार्य केले. राशोल येथे १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागात विश्वनिर्मितीपासूनची जुन्या करारातील कथा येते. मराठी भाषेची थोरवी गाताना त्यांनी योजिलेले दृष्टान्त फुले, सुगंध, पक्षी व वृक्ष यांचे असून ते याच भूमीतील आहेत. युरोपातील हिमऋतूत वाढलेल्या धर्मकल्पनेला मोगऱ्याचा व मोराचा प्रदेश अशा रीतीने आपला झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या कवितेत या दृष्टीला स्वतंत्र मराठी रूप आले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. फुलामुलांचे कवी म्हणून ते ओळखले जातात. निसर्गातील लहान वस्तूंशी जवळीक साधणारी त्यांची कविता ख्रिस्ताच्या रानफुलांवरील दृष्टान्ताशी जशी नाते सांगते, तशीच ती वारकरी संतांच्या आत्मीयतेशीही सांगते. वारकरी परंपरेत ईश्वर चराचर व्यापून आहे. ख्रिस्ती परंपरेत तो सृष्टीहून वेगळा, परंतु तिच्यापासून दूर नसलेला असा आहे. टिळकांच्या भक्तिभावनेत हे दोन प्रवाह एकमेकांजवळ येतात. निसर्गाचे दुसरे, कठोर रूप पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्यात समोर येते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अनाथ व निराधार मुलींना त्यांनी आपल्याकडे आणले आणि केडगाव येथील मुक्तिसदनात आश्रय दिला. अवर्षण ही कोणाला झालेली शिक्षा आहे याची चर्चा न करता, अवर्षणाने कोणाची जबाबदारी आपल्यावर आली, हा प्रश्न त्यांनी कृतीने सोडविला.

गोराई परिसर : गोराई हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यातील खाडीपलीकडचे गाव आहे. साष्टीच्या पश्चिमेकडील धारावी बेटावर (मुंबई शहरातील धारावी या वसाहतीशी त्याचा संबंध नाही) मनोरी, गोराई, उत्तन इ. गावे वसली आहेत. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस मनोरीची खाडी व तिवरांची राने, अशी येथील रचना आहे. बोरिवलीकडून गोराईस व मार्व्याहून मनोरीस तरीने जाता येते. वसईच्या तहानंतर (१५३४) हा प्रदेश पोर्तुगीज अंमलाखाली आला आणि येथे ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी जिंकली. येथील मराठीभाषी कॅथलिकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. त्यांत शेती करणारे व मासेमारी करणारे असे दोन्ही वर्ग आहेत.

गोराईचे चर्च पवित्र मागींना, म्हणजे लोकभाषेत तीन राजांना, समर्पित आहे. मत्तयकृत शुभवर्तमानात पूर्वेकडील हे ज्ञानी पुरुष आकाशातील तारा पाहून बालयेशूच्या शोधार्थ निघतात. त्यांची संख्या तेथे दिलेली नाही. आकाशाचे निरीक्षण त्यांना यरुशलेमपर्यंत आणते. परंतु जन्मस्थान कोणते, हे त्यांना तेथे विचारावे लागते व ते धर्मग्रंथावरून सांगितले जाते. निसर्ग वाट दाखवितो, पण संपूर्ण वाट एकटा दाखवीत नाही, हा वर उल्लेखिलेला सिद्धांत या कथेत सामावलेला आहे. ताऱ्यांवरून व वाऱ्यावरून दिशा ओळखणाऱ्या किनाऱ्यावरील वस्तीस हे आश्रयसंत साजेसे आहेत. मागींचा सण परंपरेने ६ जानेवारीस येतो.

निसर्गाच्या नियमिततेवर या परिसराचे जीवन उभे आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत आल्याने उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. येथील कोळ्यांचे डोल जाळे पिशवीच्या आकाराचे असून ते समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा इ. मासळी त्यात शिरते. मासळी शोधत जाण्यापेक्षा प्रवाहाची वाट पाहणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. बोंबील वलांडीवर टांगून उन्हात सुकवितात. पावसाळ्यात प्रजननकाळामुळे व खवळलेल्या समुद्रामुळे यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ही बंदी सामान्यतः १ जून ते ३१ जुलै अशी असते. सखल जमिनीत भाताची शेती होते : राब भाजणे, पेरणी, आवणी, कापणी व झोडणी असा तिचा क्रम आहे. भाईंदरच्या बाजूस मिठागरे आहेत. मॉन्सून मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दाखल होतो आणि जून ते सप्टेंबर या काळात उपनगरात सरासरी २२० सेंमी. हून अधिक पाऊस पडतो.

या कष्टजीवनाला धार्मिक रूप देणारा प्रमुख सण म्हणजे आगेरा. लॅटिनमधील शेत या अर्थाच्या शब्दाशी या नावाचा संबंध जोडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी साजऱ्या होणाऱ्या या सणात धर्मगुरू नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात. त्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेऊन मिस्साबलीच्या वेळी अर्पण करतात व भाविकांत वाटतात. गोव्यातील कोणसाचे फेस्त याच स्वरूपाचे असून तेथे ते ऑगस्टमध्ये येते. ताळगाव येथील २१ ऑगस्टचे फेस्त प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती कोळी नौकांवर क्रूस काढतात, त्यांना संतांची नावे देतात व धर्मगुरूंकडून नौकांना आशीर्वाद घेतात. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करणाऱ्या हिंदू कोळ्यांच्या शेजारीच ही प्रथा नांदते. ईस्ट इंडियन विवाहातील ‘उंबराचे पाणी’ या विधीत विहिरीचे पाणी वाजतगाजत आणतात. अन्न, पाणी व समुद्र यांना गृहीत न धरता दान म्हणून स्वीकारणे, हा या सर्व प्रथांतील समान भाव होय. उपनगरांतील अनेक गावठाणांभोवतीची शेते नाहीशी झाली, तरी तेथे अन्य ठिकाणांहून लोंब्या आणून आगेरा साजरा होतो. प्रतीक टिकले आणि शेत गेले, ही स्थिती सृष्टीविषयीच्या श्रद्धेपुढे वेगळाच प्रश्न उभा करते.

हवामान आणि न्याय : गोराईसारख्या गावात आपत्तीचा प्रश्न अतिशय मूर्त रूप घेतो. आवणीच्या वेळी शेतकऱ्याला संततधार हवी असते. त्याच गावातील कोळिणीला बोंबील सुकविण्यासाठी कोरडे ऊन व वारा हवा असतो. मिठागरातील मजुराला पाऊस जितका उशिरा येईल तितका बरा. ऑक्टोबरमधील एका अवकाळी सरीने झोडणीस आलेले भात काळे पडते व वलांडीवरील मासळी कुजते. खाडीकाठच्या तिवरांना मात्र गोडे पाणी मिळते. अशा ठिकाणी पाऊस हा कोणाच्या बाजूचा वा कोणाविरुद्धचा निवाडा मानणे शक्य नसते. रोमन उपासनाग्रंथांत पावसासाठी, उघाडीसाठी व वादळ निवारण्यासाठी अशा तिन्ही प्रार्थना परंपरेने आढळतात. ही विसंगती नव्हे. प्रत्येक गरजवंताला आपली गरज सांगण्याचा अधिकार आहे. हवामान मात्र कोणा एकाचे नाही, हा अर्थ त्यांच्या सहअस्तित्वातून निघतो.

मुंबईतील २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने हीच गोष्ट अंकांत दाखविली. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४·४ सेंमी. पावसाची नोंद झाली. त्याच शहरातील कुलाबा येथे ती केवळ ७ सेंमी. च्या आसपास होती. उत्तरेकडील वस्त्यांनी असे कोणते पाप केले होते, की जे दक्षिणेकडे घडले नव्हते, असा प्रश्न कोणीही विचारी माणूस करणार नाही. तरीही आपत्तीनंतर तिचे दैवी कारण शोधण्याचा मोह सर्वच धर्मांत आढळतो. ईयोब व लूक यांच्या आधारे पाहता ख्रिस्ती परंपरेने या मोहाला शास्त्राधाराने आवर घातला आहे, जरी तिच्या अनेक उपदेशकांनी तो पाळला नसला. मार्ककृत शुभवर्तमानात गालीलच्या समुद्रावरील वादळाच्या कथेत येशू शिष्यांच्याच नावेत निजलेला असतो. वादळ शमविल्यावर तो ते कोणाच्या दोषामुळे आले हे सांगत नाही. त्यांच्या भीतीबद्दल विचारतो. समुद्रावर माणूस गमावलेल्या घरांना या कथेने मृत्यूचे स्पष्टीकरण मिळत नाही. बुडणाऱ्या नावेत आपण एकटे नव्हतो, एवढाच दिलासा मिळतो. यापेक्षा अधिकाचा दावा हा ग्रंथ करीत नाही.

आधुनिक परिस्थिती : हवामानबदलामुळे हा प्रश्न नव्याने मांडावा लागत आहे. तापत चाललेल्या अरबी समुद्रावरील चक्रीवादळांचे प्रमाण व तीव्रता अलीकडच्या दशकांत वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांना आढळले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ हे अतितीव्र चक्रीवादळ मुंबईच्या समुद्राजवळून गुजरातकडे गेले. बाँबे हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा निवासी तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मासेमारीच्या नौकांचीही किनाऱ्यावर हानी झाली. मानवनिर्मित वायूंमुळे समुद्र तापत असेल, तर वादळाच्या कारणपरंपरेत मानवाचाही वाटा येतो. त्या वाट्याचा दोष ईश्वरावर वा दैवावर ढकलता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीची हेळसांड व गरिबांची हेळसांड ही एकाच अन्यायाची दोन अंगे मानली आहेत. या परिपत्रकाचे नाव असीसीच्या फ्रान्सिसच्या सूर्यस्तोत्रातून घेतलेले आहे.

गोराईलगतच्या प्रदेशात या विचाराला कृतीचा इतिहास आहे. वसईचे धर्मगुरू व मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृ. २०२४) यांनी ‘सुवार्ता’ या नियतकालिकाचे संपादन केले, वसईचा हरित पट्टा वाचविण्यासाठी उभ्या राहिलेल्या लोकचळवळीचे ते नेते होते. सुबोध बायबल हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध असून २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मग्रंथाचे भाषांतर आणि विहिरींच्या पाण्याचे रक्षण ही त्यांच्या लेखी एकाच निष्ठेची कामे होती. खाडीकाठची तिवरे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात व मासळीच्या पिलांना आसरा देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निर्णयाने राज्यातील तिवरांच्या तोडीस सर्वत्र मनाई केली. तिवरांच्या राखणीत किनाऱ्यावरील गावांचा स्वार्थ व सृष्टीचा आदर हे एकत्र येतात.

समालोचन : निसर्गात ईश्वराचा महिमा पाहण्याच्या ख्रिस्ती दृष्टीचे तीन पदर वरील विवेचनातून स्पष्ट होतात. सृष्टी ही दान आहे, म्हणून तिच्याविषयी कृतज्ञता असावी. आगेऱ्यातील लोंबी ही तिची खूण होय. सृष्टी ही ईश्वर नव्हे आणि माणसांच्या पापपुण्याची मोजपट्टीही नव्हे, म्हणून तिच्या रौद्र रूपावरून पीडितांना दोषी ठरवू नये. सृष्टी मानवाच्या हाती सोपविलेली आहे, म्हणून तिच्या हानीचा जाब मानवाने द्यावा. यांपैकी पहिला पदर सर्वांत लोकप्रिय, दुसरा सर्वांत दुर्लक्षित व तिसरा सर्वांत निकडीचा आहे. केवळ पहिल्यावर उभी राहिलेली श्रद्धा उघाडीच्या दिवसांपुरती पुरते. शेत, मिठागर व समुद्र यांच्या परस्परविरोधी गरजा एका आकाशाखाली सांभाळणाऱ्या गोराईसारख्या वस्तीत तिन्ही पदरांची गरज प्रत्येक पावसाळ्यात नव्याने पटते.